बिनपडद्याचा ब्राउझर आणि वाढलेलं ताट

शनिवारी संध्याकाळी मी इंदूरच्या रामबागेतल्या एका छोट्या मराठी वाचनालयात जातो. तिथले काका निवृत्त शिक्षक. गेली काही वर्षं ते जुन्या कार्डांवरून पुस्तकांची यादी संगणकावर चढवताहेत: शीर्षक, लेखक, प्रकाशनाचं साल, आवृत्ती, पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते. मागच्या पावसाळ्यात त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. ग्वाल्हेरच्या एका मित्राला त्यांनी एका दुर्मिळ पुस्तकाच्या पानाची लिंक पाठवली होती. अशा लिंकखाली एरवी एक चौकोन येतो, त्यात चित्र आणि दोन ओळी असतात. इथे नुसतं वाचनालयाचं नाव होतं, पुस्तकाचा उल्लेखही नव्हता.

"बघ ना रे, उघडलं की सगळं दिसतं आणि पाठवलं की कोरं जातं. गूगलवर पुस्तकाचं नाव टाकलं तर तिथेही आपलं पान नाही. मग एवढं टाइप करून मी ठेवलं कुणासाठी?"

त्यांच्या या प्रश्नामुळे मी कामाला लागलो. ते काम म्हणजे साइट जिथून चालते त्या सर्व्हरवर एक हलका, पडदा नसलेला ब्राउझर बसवणं आणि वाचकाच्या आधी त्याच्याकडून पानं तयार करून घेणं. याला हेडलेस ब्राउझरने सर्व्हर-साइड रेंडरिंग करणं म्हणतात. नाव जड असलं तरी गोष्ट समजायला अवघड नाही.

शिधा आणि ताट

पूर्वी पाहुण्याला जेवू घालायच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे ताट वाढून समोर ठेवायचं. दुसरी म्हणजे शिधा द्यायचा: तांदूळ, डाळ, तूप, पीठ. सोवळं पाळणारा पाहुणा आपल्या चुलीवर आपला स्वयंपाक करून घ्यायचा.

वेबवरही याच दोन रीती आहेत. जुन्या पद्धतीत सर्व्हर ताट वाढून पाठवतो. पानाचा मजकूर, शीर्षक, यादी, सगळं एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या भाषेत, लिहिलेलंच येतं आणि ब्राउझर ते फक्त दाखवतो. नव्या पद्धतीत सर्व्हर शिधा पाठवतो. एचटीएमएल जवळजवळ रिकामं असतं, त्यात एक रिकामा डबा आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतली एक मोठी फाइल. ती फाइल वाचकाच्या फोनमध्ये चालते, सर्व्हरकडून पुस्तकाची माहिती वेगळी मागवते आणि त्या रिकाम्या डब्यात पान रचते. ज्याच्याकडे चूल आहे त्याला काहीच अडचण नाही. काकांच्या फोनमधल्या क्रोमकडे चूल आहे, म्हणून त्यांना 'उघडलं की सगळं दिसतं'.

व्हॉट्सअॅपचा तो चौकोन बनवणाऱ्याकडे मात्र चूल नाही. लिंक टाकली की पाठवणाऱ्याच्या फोनमधलं व्हॉट्सअॅप स्वतः त्या पत्त्यावर जातं, एचटीएमएल आणतं, त्याच्या वरच्या भागात शीर्षक, वर्णन आणि चित्र सांगणाऱ्या ठरावीक ओळी शोधतं आणि परत येतं. जावास्क्रिप्ट ते चालवत नाही. शीर्षक-चित्राच्या या ओळींना ओपन ग्राफ म्हणतात. फेसबुकने त्या 2010 मध्ये आणल्या आणि पुढे सगळ्यांनी घेतल्या. आमच्या साइटवर प्रत्येक पुस्तकाच्या पत्त्यावर तेच रिकामं एचटीएमएल जात होतं, म्हणून चौकोनात दर वेळी वाचनालयाचं नाव तेवढं यायचं.

गूगलची गोष्ट थोडी वेगळी आहे. गूगलकडे चूल आहे. 2019 पासून त्याचा पानं गोळा करत फिरणारा रोबो क्रोमच्या ताज्या आवृत्तीने पानं रचून बघतो. फक्त हे काम रांगेत लागून होतं आणि त्याला सगळा शिधा मिळावा लागतो. आमच्याकडे आधी कुणीतरी माहिती पुरवणारा पत्ताच रोबोंसाठी बंद करून ठेवला होता. गूगल यायचा, चूल पेटवायचा, डाळच मिळायची नाही आणि रिकामं पान बघून परत जायचा. एका फाइलमधली एक ओळ काढली आणि तो भाग सुटला. पण बाकीचे अनेक रोबो, त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारेही आले, जावास्क्रिप्ट न चालवता नुसतं एचटीएमएल वाचून जातात. मराठीतला मजकूर वेबवर आधीच थोडा आहे. त्यातला बराचसा जर असा शिध्यातच बांधून पडून राहिला, तर वाचायला आलेल्या यंत्राच्या लेखी तो नाहीच. हे मला मनापासून लागतं.

आता कुणी विचारेल, शिध्याची रीत आलीच कशाला? कारण तिच्यात सोय आहे. 2004 मध्ये जीमेल आलं तेव्हा पूर्ण पान पुन्हा न आणता एक-एक टपाल उघडताना बघून लोक चकित झाले. पुढच्याच वर्षी या तंत्राला एजॅक्स हे नाव मिळालं. 2008 मध्ये क्रोमबरोबर व्ही8 नावाचं इंजिन आलं आणि जावास्क्रिप्ट पुष्कळ वेगाने धावू लागली. 2013 मध्ये फेसबुकने साइट बनवण्याचं आपलं साधन रिअॅक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यानंतर शिकाऊ मुलं पहिली साइटसुद्धा शिध्याच्याच रीतीने बनवू लागली. आमच्या वाचनालयाची साइटही अशाच एका होतकरू मुलाने बनवून दिली होती. तो आता नोकरीसाठी बाहेरगावी आहे. साइट चांगली आहे, शोध झटकन चालतो. ती मोडून नव्याने लिहायला ना पैसे होते, ना माणूस.

म्हणून प्रश्न असा उरला: साइटला हात न लावता ताट कसं वाढायचं?

सर्व्हरवरची चूल

उत्तर साधं आहे. वाचकाकडे चूल नसेल तर आपणच आपल्या सर्व्हरवर एक चूल ठेवावी. तिथला ब्राउझर पान उघडेल, जावास्क्रिप्ट चालवेल, माहिती मागवेल, पान रचेल. रचून झालं की त्या क्षणीचं पूर्ण एचटीएमएल आपण उतरवून घ्यायचं आणि येणाऱ्याला तेच द्यायचं.

सर्व्हरला ना पडदा असतो ना माउस, म्हणून हा ब्राउझर खिडकी न उघडता चालतो. इंग्रजीत त्याला हेडलेस म्हणतात, म्हणजे शब्दशः बिनशिराचा. इथे शिर म्हणजे पडदा. मी बिनपडद्याचा म्हणतो, कारण विचार करण्याचं त्याचं यंत्र पूर्ण शाबूत असतं.

कल्पना जुनी आहे. 2009 मध्ये गूगलनेच साइटवाल्यांना सुचवलं होतं की जावास्क्रिप्टने रचलेल्या पानांचं तयार एचटीएमएल बनवून आमच्या रोबोला द्या, आणि त्यासाठी जावा भाषेतला एचटीएमएलयुनिट हा बिनपडद्याचा ब्राउझर वापरता येतो. ती योजना 2015 मध्ये त्यांनी मागे घेतली. दरम्यान 2011 मध्ये एरिया हिदायत यांचा फँटमजेएस हा बिनपडद्याचा ब्राउझर आला आणि काही वर्षं या कामात त्याचंच नाव होतं. मग 2017 मध्ये क्रोमच्या 59 व्या आवृत्तीत पडद्याविना चालण्याची सोय थेट आली, आणि त्याच वर्षी ती चालवायला गूगलने पपेटिअर नावाचं साधन दिलं. खरा क्रोम हाताशी आल्यावर फँटमजेएसची गरज उरली नाही. 2018 मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट हे तसंच साधन आणलं. आज या कामाविषयी कुणालाही विचारलं तर पहिलं उत्तर येतं, "क्रोम बसव आणि पपेटिअरने चालव."

मीही तेच केलं. वाचनालयाचा सर्व्हर सगळ्यात स्वस्त भाड्याचा, 1 जीबी मेमरीचा. त्यावर साइट, माहितीचा साठा आणि त्यांच्या जोडीला क्रोम. पहिली काही पानं छान निघाली. मग सगळंच थांबलं. मेमरी संपत आली की लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारी मूळ प्रणाली, जास्त खाणाऱ्या प्रक्रियेला मारून टाकतं. एकदा त्याने क्रोमला मारलं, एकदा माहितीच्या साठ्यालाच. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: "अरे, साइट बंद आहे की माझं नेट?"

क्रोमला याचा दोष देता येत नाही. तो सुरक्षिततेसाठी एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवतो: एक मुख्य, एक नेटवर्कची, एक चित्रणाची, शिवाय वेगवेगळ्या साइटसाठी वेगळ्या. एक पान उघडलं तरी काहीशे एमबी सहज लागतात. डॉकरच्या, म्हणजे कार्यक्रम बाकीच्या सर्व्हरपासून वेगळा ठेवणाऱ्या, पेटीत चालवला तर आणखी एक अडचण येते. तिथे सामायिक मेमरीला मुळात 64 एमबीच दिलेली असते. क्रोमला ती कमी पडते आणि पान मधेच कोसळतं. ती वाढवून द्यावी लागते किंवा ती वापरू नकोस असं क्रोमला बजावावं लागतं. आणि काम झाल्यावर त्याच्या मेलेल्या उपप्रक्रिया आवरणारं पेटीत कुणी नसेल तर त्या नुसत्या यादीत साचत राहतात. हे सगळे उपाय करून मी त्याला महिनाभर कसाबसा चालवला. मग एका रात्री बसून विचार केला की हा एवढा मोठा ब्राउझर नेमकं काय काय करतो आणि त्यातलं मला काय हवं आहे.

प्रयोग आणि वाचन

ब्राउझर पान कसं रचतो, ते टप्प्याटप्प्याने बघू या. आधी तो एचटीएमएल वाचतो आणि त्यातून एक झाड बनवतो. पान हे खोड, त्याला विभागांच्या फांद्या, त्यांना परिच्छेद आणि शब्दांची पानं. या झाडाला डॉम म्हणतात. मग जावास्क्रिप्ट चालते आणि झाडात भर घालते, छाटते, नवीन फांद्या लावते. आमच्या साइटवर पुस्तकाचं नाव झाडावर लागतं ते इथे. इथवर सगळं अक्षरांचं काम आहे.

खरं ओझं यानंतर सुरू होतं. सीएसएस, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम, वाचून कुठल्या फांदीला कुठला रंग, कुठला टाइप, किती समास ते ठरवायचं. मग प्रत्येक गोष्टीची मापं काढायची: हा परिच्छेद इतक्या रुंदीत किती ओळींत बसेल, त्याखालचं चित्र कुठून सुरू होईल. देवनागरी असेल तर जोडाक्षरं, वेलांट्या आणि रफार जागच्या जागी बसवून अक्षरांचे आकार घडवायचे. चित्रं उलगडायची. मग हे सगळं थराथरांनी रंगवायचं आणि थर एकावर एक ठेवून पडद्यावर पाठवायचं.

इंदूरच्या मराठी माणसाला मी हे नाटकाच्या भाषेत सांगतो. नाटकाचा प्रयोग म्हणजे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, संगीत, मांडवातली माणसं आणि सामानाचा ट्रक. पण तालमीच्या पहिल्या आठवड्यात सगळे सतरंजीवर गोल बसतात आणि वाचन होतं. प्रत्येक वाक्य येतं, प्रत्येक पात्राची एंट्री येते, कुणी कुणाला अडवतं, कोण रडतं, तेही कळतं. फक्त काही दिसत नाही. एखाद्याला संहिता शेवटपर्यंत ऐकून लिहून घ्यायची असेल, तर त्याच्यासाठी सेट उभारायची गरज काय?

हलका बिनपडद्याचा ब्राउझर म्हणजे हे वाचन. तो एचटीएमएल आणतो, डॉमचं झाड बनवतो, जावास्क्रिप्ट चालवतो, माहिती मागवतो. मापं काढणं, रंगवणं, चित्रं उलगडणं तो सोडून देतो. आणि आपल्याला हवं असतं ते शेवटचं झाड, एचटीएमएलच्या रूपात. रंगवलेलं चित्र आपण कुणाला देणारच नसतो, ते वाचकाचा ब्राउझर स्वतः रंगवणार आहे. ज्या कामाचा परिणाम आपण फेकून देणार आहोत त्याच्यासाठी 1 जीबीतली बहुतेक मेमरी मी महिनाभर जाळत होतो.

यातून एक फायदा असा झाला की तो आमच्या लिपीच्या लोकांनाच कळेल. नव्या सर्व्हरवर बहुतेकदा देवनागरी फाँट नसतो. क्रोमकडून पानाचं चित्र किंवा पीडीएफ काढलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, मग नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट शोधून बसवावा लागतो. नुसतं एचटीएमएल हवं असेल तर फाँटची गरजच पडत नाही, कारण कुणी अक्षर काढतच नाही. अक्षरांचे फक्त संकेतांक इकडून तिकडे जातात.

हलक्या ब्राउझरांचे दोन प्रकार माझ्या पाहण्यात आहेत. एक जेएसडॉमसारखा. तो नोडच्या, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या, आतच चालणारा डॉम आहे, वेगळा कार्यक्रम सुरू करावा लागत नाही. साध्या पानांना तो पुरतो. पण त्याला फेच हे माहिती मागवण्याचं आजचं नेहमीचं साधन स्वतःहून येत नाही, ते बाहेरून जोडून द्यावं लागतं. आणि त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट बजावलेलं आहे की परक्या, अविश्वासू साइटची जावास्क्रिप्ट त्यात चालवू नका, कारण ती तुमच्याच नोडच्या घरात चालते. दुसरा प्रकार म्हणजे याच कामासाठी मुळापासून लिहिलेले ब्राउझर. त्यातला लाइटपांडा झिग भाषेत लिहिलेला आहे, जावास्क्रिप्टसाठी क्रोमचंच व्ही8 इंजिन घेतो आणि रंगवण्याचा भाग त्यात ठेवलेलाच नाही. क्रोमला बाहेरून हुकूम देण्याची जी भाषा आहे तीच त्यालाही समजते, त्यामुळे पपेटिअरने लिहिलेलं काम थोड्या फेरफाराने त्याच्याशी जोडता येतं. मी आधी जेएसडॉमवर प्रयत्न केला, मग लाइटपांडावर आलो. आमचं पान त्यात नीट रचलं जातं. तुमचं रचलं जाईलच असं नाही. ब्राउझरमध्ये मिळणाऱ्या शेकडो सोयींपैकी सगळ्या या नव्या ब्राउझरांत अजून आलेल्या नाहीत, म्हणून आपली दहा-वीस वेगवेगळ्या तऱ्हेची पानं काढून क्रोमच्या एचटीएमएलशी ताडून बघितल्याशिवाय बदल करू नये.

मापं न काढण्याची किंमतही असते. 'हा डबा पडद्यावर किती उंच आहे' असं जावास्क्रिप्टने विचारलं तर जेएसडॉम शून्य सांगतो. बरीच पानं वाचक खाली सरकेल तसतसा पुढचा मजकूर आणतात, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय हे आधी ठाऊक असावं लागतं. पडदाच नाही तर 'दिसतंय' याला अर्थ काय? काही हलके ब्राउझर ते विचारण्याचं साधनच देत नाहीत आणि पानाची जावास्क्रिप्ट तिथेच अडखळून थांबते. आमच्या लेखकांच्या यादीत पहिले वीस लेखक यायचे आणि पुढचे गायब, ते यामुळे. मी त्या पानाला 'सगळं एकदम आण' असा एक मार्ग जोडला. साइटला हात न लावण्याचं ठरवलं होतं, पण थोडा लावावाच लागला.

शिजलं कधी म्हणायचं?

या सगळ्या कामात सगळ्यात अवघड काय, असं विचाराल तर मी ब्राउझर निवडणं म्हणणार नाही. पान पूर्ण झालं कधी, हे ठरवणं खरं अवघड आहे.

वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तो पान भरताना बघतो आणि भरलं की वाचतो. यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. एचटीएमएल उतरल्याची खूण मिळते तेव्हा तर स्वयंपाक सुरूही झालेला नसतो. 'पाच सेकंद थांब' हा पहिला सुचणारा उपाय, आणि तो वाईट आहे. बहुतेक पानं त्याच्या आत शिजतात, म्हणजे वेळ वाया. आणि ज्या दिवशी माहितीचा साठा संथ असतो त्या दिवशी अर्धं कच्चं पान उतरवून घेतलं जातं. तेच साठवलं गेलं तर दिवसभर सगळ्यांना कच्चंच ताट मिळतं.

पपेटिअरमध्ये एक बरी सोय आहे: अर्धा सेकंद एकही मागणी चालू नसेल तर पान शांत झालं असं समजायचं. तिची सैल आवृत्ती दोन मागण्या चालू असल्या तरी चालवून घेते. पण एखादं पान दर थोड्या वेळाने 'नवीन काही?' म्हणून सर्व्हरला विचारत राहत असेल तर ते कधी शांत होतच नाही. उलट, एक मागणी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे मोठी उसंत पडली तर ते खोटंच शांत भासतं.

माझं मत पक्कं झालं आहे. अंदाज बांधू नये, पानाकडूनच वदवून घ्यावं. आम्ही साइटच्या जावास्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: पुस्तकाची माहिती येऊन झाडावर चढली की एक खूण खरी करायची. ब्राउझर त्या खुणेची वाट बघतो. ठरावीक वेळेत खूण आली नाही तर ते पान साठवतच नाही, जुनं असेल तर तेच राहू देतो आणि नोंदवहीत लिहून ठेवतो. आई कुकरच्या शिट्ट्या मोजते ती अशीच, घड्याळाकडे बघून नाही.

एकदा पान तयार झालं की ते साठवायचं. प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने चूल पेटवणं हलक्या ब्राउझरलाही परवडत नाही, आणि पुस्तकाची माहिती काही दर तासाला बदलत नाही. रात्री दोन वाजता, सर्व्हर मोकळा असताना, आमची सगळी पानं एकामागून एक तयार होतात. दिवसा काकांनी एखाद्या पुस्तकात दुरुस्ती केली तर तेवढं एकच पान पुन्हा शिजतं. क्रोमने हेच करताना सर्व्हर सकाळपर्यंत धापा टाकायचा. आता पानं तयार होत असताना कुणी साइट उघडली तर कळतही नाही.

पुष्कळ जण तयार पान फक्त रोबोंना देतात आणि माणसांना शिधाच देतात. 2018 मध्ये गूगलने या पद्धतीला डायनॅमिक रेंडरिंग म्हणून मान्यता दिली होती, पण आता त्यांचंच मार्गदर्शन सांगतं की हा तात्पुरता उपाय आहे, कायमचा नाही. मला ती पद्धत पटत नाही. येणारा रोबो आहे की माणूस हे त्याने सांगितलेल्या नावावरून ओळखावं लागतं, ती यादी सतत बदलते, आणि दोघांना वेगळं मिळू लागलं की कुठलीतरी चूक फक्त रोबोला दिसते आणि आपल्याला महिनोन् महिने कळत नाही. आम्ही सगळ्यांना एकच तयार पान देतो. त्यामुळे जुन्या फोनवर, मंद नेटवर वाचणाऱ्यालाही पुस्तकाचं नाव लगेच दिसतं.

पण याने एक नवीन गोंधळ होतो. तयार पानात जावास्क्रिप्टची फाइल तशीच असते. वाचकाच्या फोनमध्ये ती पुन्हा चालते आणि पान पुन्हा रचते. आमच्या साइटवर पहिल्या दिवशी प्रत्येक लेखकाची पुस्तकं दोनदा दिसली, कारण भरलेल्या डब्यात तिने पुन्हा तेवढीच भर घातली. मग तिला शिकवावं लागलं की डबा भरलेला असेल तर आधी रिकामा कर. शिवाय भेटी मोजणारी जी फाइल असते ती सर्व्हरवरच्या ब्राउझरला चालवूच द्यायची नाही, नाहीतर रोज रात्री दोन वाजता हजारो 'वाचक' येऊन गेल्याचं दिसतं.

देवनागरीची 15 घरं

एक चूक पूर्णपणे माझी होती. ती इथे सविस्तर सांगतो, कारण मराठी साइट करणाऱ्या कुणालाही ती होऊ शकते.

सर्व्हर पान पाठवताना आधी सांगतो की हे एवढ्या बाइटचं आहे. मी ती लांबी मोजताना जावास्क्रिप्टची नेहमीची लांबी वापरली. ती अक्षर-चिन्हं मोजते. इंग्रजी मजकुरात चिन्हं आणि बाइट सारखेच येतात, म्हणून चाचणीत चूक दिसली नाही. पण वेबवर मजकूर यूटीएफ-8 या सांकेतिक पद्धतीत जातो आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 'इंदूर' हा शब्द घ्या: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. चिन्हं 5, बाइट 15. मी सांगत होतो 5 आणि पाठवत होतो 15. समोरच्याने 5 बाइट घेऊन दार लावलं तर त्याच्या हाती पूर्ण 'इ' आणि अर्धवट तुटलेला अनुस्वार. आमची पानं अशीच मधे कापली जात होती, जितकं मराठी जास्त तितकं पान आखूड. लांबी बाइटमध्ये मोजली आणि चूक गेली.

त्याचीच धाकटी बहीण पत्त्यांत सापडली. पत्त्यात मराठी शब्द असेल तर प्रवासात त्याच्या प्रत्येक चिन्हाचं 9 अक्षरांचं सांकेतिक रूप होतं. कुणी लिंक मूळ रूपात पाठवतं, कुणाच्या फोनवरून ती सांकेतिक रूपात जाते. माझ्या साठ्यात एकाच पुस्तकाची दोन पानं झाली होती आणि दुरुस्ती फक्त एकात पोहोचत होती. साठवण्याआधी पत्ता एकाच रूपात आणायचा, एवढंच करायचं होतं.

सुरक्षिततेबद्दल थोडंच, पण ते टाळू नका. पत्ता दिला की पान शिजवून देणारं यंत्र उघड्यावर ठेवलं, तर कुणीही त्याला कुठलाही पत्ता देऊ शकतो. तुमच्या सर्व्हरच्या आतले पत्तेही त्यात आले. भाड्याच्या बऱ्याच क्लाउडमध्ये 169.254.169.254 या पत्त्यावर त्या यंत्राची अंतर्गत माहिती असते, कधी कधी किल्ल्यासुद्धा. म्हणून आमचा ब्राउझर फक्त वाचनालयाच्या स्वतःच्या पत्त्यावरची पानं उघडतो आणि बाहेरून त्याला थेट हाक मारता येत नाही.

नवीन साइट लिहिणारे तरुण मला विचारतात की हे बसवून देता का. मी त्यांना नको म्हणतो. रिअॅक्टसारख्या साधनांना सर्व्हरवरच एचटीएमएल लिहून द्यायची सोय त्यांच्या घरचीच आहे. नेक्स्टजेएससारखी साधनं 2016 पासून तेच करताहेत, आणि यादी क्वचित बदलणारी असेल तर सगळी पानं आधीच बनवून ठेवणं सगळ्यात स्वस्त. तिथे ब्राउझर मधे आणायचं कारण नाही. हा उपाय आमच्यासारख्यांसाठी: साइट चालू आहे, लिहिणारा दूर गेला आहे, मोडून बांधायला पैसे नाहीत, आणि आत ठेवलेला मजकूर मोलाचा आहे. पानाचं चित्र किंवा पावतीचं पीडीएफ हवं असेल तर मात्र हलका ब्राउझर कामाचा नाही, तिथे क्रोमच लागतो आणि त्याला पुरेल एवढी मेमरीही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी काकांना म्हटलं, "काका, ती ग्वाल्हेरची लिंक पुन्हा पाठवून बघा." त्यांनी चष्मा वर केला, लिंक टाकली आणि चौकोन उमटला. पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाव, लेखक, साल, आवृत्ती. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते मित्राला पाठवतील. पण त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"इथे 'आवृत्ती'तला 'वृ' चुकलाय. माझ्याच हातून झालंय. आधी हे नीट करू दे, मग पाठवतो."

त्यांनी तिथेच बसून दुरुस्ती केली. ते एक पान पुन्हा शिजलं, चौकोन बदलला, आणि लिंक ग्वाल्हेरला गेली.